आकाशातील वाट

एखाद्या परक्या गावी जावयाचे असले म्हणजे आपण सहज विचारतो, "ते गाव येथून किती लांब आहे?" या साध्या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो, "असेल पाच-सहा कोस." दुसरा म्हणतो, "सकाळी निघालात, तर दुपारच्या जेवणाला पोहोचाल." पहिल्याने अंतर सांगितले, दुसऱ्याने वेळ सांगितला. आपल्या पूर्वजांनी या दोहोंसाठी दोन निराळे शब्द ठेवले होते. कोस हे अंतराचे माप. एक कोस म्हणजे सुमारे दोन मैल. मजल म्हणजे एका दिवसात चालून मुक्कामास पोहोचता येईल एवढी वाट. कोस सपाटीवर आणि घाटात सारखाच राहतो. मजल मात्र जागेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलते. देशावरच्या मोकळ्या रस्त्याने दिवसभरात जेवढे कोस तुटतात, तेवढे सह्याद्रीच्या चढणीवर तुटत नाहीत. आणि श्रावणात वाटेवरची नदी भरून वाहू लागली, तर पायी चालणाऱ्याची मजल नदीच्या अलीकडेच संपते.

विमानाच्या वाटेवर घाट नाही आणि नदीही नाही. तेव्हा दोन विमानतळांमधील अंतर घ्यावे, त्याला विमानाच्या वेगाने भागावे, म्हणजे प्रवासाचा वेळ निघेल, असे आपणांस वाटते. पाटीवर हे गणित अगदी बरोबर सुटते. आकाशात मात्र ते सुटत नाही. तेथे कधी कधी असे घडते की, जवळच्या वाटेने जाणारे विमान उशिरा पोहोचते आणि लांबच्या वाटेने जाणारे आधी पोहोचते. हे कसे घडते, ते दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन विमानतळांच्या उदाहरणावरून पाहू.

सॅन फ्रान्सिस्को हे शहर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम किनाऱ्यावर, पॅसिफिक महासागराच्या काठी वसले आहे. दिल्लीपासून ते जवळजवळ पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस आहे, असे म्हटले तरी चालेल. डिसेंबर २०१५ मध्ये एअर इंडियाने या दोन शहरांमध्ये वाटेत कोठेही न थांबणारे विमान सुरू केले. आरंभी हे विमान दिल्लीहून निघून पश्चिमेकडे जात असे. युरोप ओलांडावा, अटलांटिक महासागर ओलांडावा आणि मग उत्तर अमेरिकेचा खंड या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला उतरावे, असा तो मार्ग होता. त्याची लांबी सुमारे १३,९०० किलोमीटर भरे आणि प्रवासाला सुमारे साडेसोळा तास लागत.

१६ ऑक्टोबर २०१६ रोजी, रविवारी, याच विमानाने दिल्लीहून निघाल्यावर नेमकी उलटी दिशा धरली. ते पूर्वेकडे वळले. बांगलादेश, म्यानमार, चीन आणि जपान या देशांवरून जाऊन ते पॅसिफिक महासागरावर आले आणि तो अफाट महासागर ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरांचा होता. म्हणजे नेहमीच्या मार्गापेक्षा तो १,४०० किलोमीटरांनी लांब होता. मुंबईहून दिल्लीला रेल्वेने जाताना जेवढे अंतर तोडावे लागते, साधारणतः तेवढे अंतर येथे जास्तीचे पडले. आणि तरीही प्रवासाला लागले सुमारे साडेचौदा तास! विमान तेच, यंत्रे तीच, वाट मात्र लांबची. आणि वेळ दोन तासांनी कमी.

या कोड्याची उकल करण्यापूर्वी 'जवळची वाट' म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. कारण भिंतीवरचा नकाशा आपणांस या बाबतीत फार फसवतो. नकाशावर दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांना पट्टीने जोडले, तर रेघ जपानवरून आणि पॅसिफिक महासागरावरून जाते. पट्टीने काढलेली रेघ सरळ आहे, तेव्हा तीच सर्वांत जवळची, असे कोणीही म्हणेल. परंतु पृथ्वी वाटोळी आहे आणि कागद सपाट आहे. संत्र्याची साल काढून ती पाटावर सपाट पसरू पाहा. ती कोठे ना कोठे फाटल्यावाचून किंवा ताणल्यावाचून पसरत नाही. नकाशा काढणाऱ्याला तेच करावे लागते. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये तयार केलेल्या पद्धतीचे नकाशे आपण पुष्कळदा पाहतो. त्यांत विषुववृत्तापासून जो जो ध्रुवाकडे जावे, तो तो प्रदेश अधिकाधिक ताणलेला असतो. त्यामुळे ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिका खंडाएवढे दिसते. वास्तविक आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट मोठी आहे. मर्केटरचा यात दोष नाही. त्याने तो नकाशा समुद्रावर दिशा धरून जहाजे हाकणाऱ्यांसाठी काढला होता, आणि त्या कामी तो उत्तम आहे. अंतर मोजण्यासाठी तो भिंतीवर टांगणारे आपणच चुकतो.

खरे अंतर पाहावयाचे, तर शाळेतील पृथ्वीचा गोल घ्या. एक दोरा घेऊन त्याचे एक टोक दिल्लीवर आणि दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर ठेवा आणि दोरा ताठ ओढा. दोरा आपोआप घसरून सर्वांत जवळच्या वाटेवर येईल. ही वाट पूर्वेकडेही जात नाही आणि पश्चिमेकडेही जात नाही. ती उत्तरेकडे जाते! हिमालय, चीनचा पश्चिम भाग, सायबेरिया, बर्फाने झाकलेला आर्क्टिक महासागर, अलास्का आणि कॅनडाचा पश्चिम किनारा असा तिचा क्रम आहे. गोलाला बरोबर दोन सारख्या भागांत कापणारे जे वर्तुळ, त्याला बृहद्वृत्त असे म्हणतात, आणि गोलावरील कोणत्याही दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरूनच जाते. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांमधील हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. नकाशावर पट्टीने काढलेली 'सरळ' वाट प्रत्यक्षात सुमारे १५,००० किलोमीटर भरते. हा प्रयोग दोऱ्याने स्वतः करून पाहिल्यावाचून पटत नाही, असा माझा वर्गातला अनुभव आहे. म्हणून वाचून पुढे जाऊ नका, दोरा घ्या.

मग विमाने या १२,४०० किलोमीटरांच्या वाटेनेच का जात नाहीत? जवळच्या वाटेवर अडचणी असतात, ही गोष्ट पायवाटेने रानातून जाणाऱ्यास सांगावयास नको. या वाटेवर पहिली अडचण हिमालय आणि तिबेटचे पठार ही आहे. विमान पर्वताहून पुष्कळ उंचावरून उडते हे खरे. परंतु त्या उंचीवरची हवा इतकी विरळ असते की, तीत माणसाला श्वास घेता येत नाही. म्हणून विमानाच्या आत हवा दाबून भरलेली असते. काही बिघाड होऊन ती निसटू लागली, तर वैमानिकाला विमान तातडीने सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंत खाली आणावे लागते. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच सुमारे ४,५०० मीटर आहे. तेथे खाली कोठे यावयाचे? दुसरी अडचण उत्तरेच्या थंडीची. विमानाचे इंधन उणे ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठू लागते. ध्रुवाकडच्या हिवाळ्यात वरची हवा याहूनही थंड असू शकते, आणि खाली संकटकाळी उतरावयास विमानतळ अगदी विरळ आहेत.

अशा वाटेने कोणी जातच नाही, असे मात्र समजू नका. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांनी आपल्या सहकारी महिला वैमानिकांसह सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले विमान उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून नेऊन ११ जानेवारीच्या पहाटे बंगळुरू येथे उतरविले. सुमारे सतरा तास चाललेल्या त्या उड्डाणातील सारे वैमानिक स्त्रिया होत्या. परंतु अशा मार्गासाठी वेगळी तयारी आणि वेगळे शिक्षण लागते.

आता मूळ कोड्याकडे वळू. पश्चिमेची वाट १३,९०० किलोमीटर आणि पूर्वेची १५,३०० किलोमीटर. अंतराला वेळाने भागा. पश्चिमेकडे जाताना विमानाचा सरासरी वेग ताशी सुमारे ८४० किलोमीटर पडतो. पूर्वेकडे जाताना तो ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर पडला. एकाच विमानाच्या वेगात ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक फरक!

कोकणातल्या खाडीत होडी चालविणाऱ्या नावाड्याला विचारले, तर तो या फरकाचे कारण तत्काळ सांगेल. भरतीच्या पाण्याबरोबर खाडीच्या आत शिरताना होडी भराभर पुढे जाते. त्याच वेळी बाहेर पडू पाहिले, तर तितकीच वल्ही मारूनही ती रखडते. नावाड्याच्या हातातील बळ दोन्ही वेळा सारखेच असते. परंतु होडी पाण्यात चालते आणि ते पाणी स्वतःच चालत असते. विमानाचेही असेच आहे. विमान हवेत चालते आणि ती हवा स्थिर नसते. हवेच्या मानाने मोठ्या प्रवासी विमानाचा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर असतो. पाठीमागून ताशी १५० किलोमीटरांचा वारा असेल, तर जमिनीच्या मानाने विमान ताशी १,०५० किलोमीटर जाते. समोरून ताशी ५० किलोमीटरांचा वारा असेल, तर ते ८५० किलोमीटरच जाते. आत बसलेल्या प्रवाशाला यांतील काहीही जाणवत नाही.

येथे एक लहानसे गणित करून पाहण्याजोगे आहे. दोन शहरांमधील अंतर ९,००० किलोमीटर आहे आणि विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आहे असे समजा. वारा नसेल, तर जाण्यास दहा तास आणि येण्यास दहा तास, मिळून वीस तास लागतील. आता ताशी १०० किलोमीटरांचा वारा एकाच दिशेने वाहत आहे असे समजा. जाताना तो पाठीशी आहे. वेळ लागला नऊ तास. येताना तो समोर आहे; वेळ लागला सव्वा अकरा तास. बेरीज सव्वा वीस तास झाली. वाऱ्याने जाताना जेवढे दिले, त्याहून येताना अधिक घेतले! कारण उघड आहे. पाठीशी असताना त्याने नऊच तास मदत केली. समोर असताना तो सव्वा अकरा तास आडवा आला.

एवढे सांगितले की, वर्गातील एखादा चलाख विद्यार्थी हमखास हात वर करतो. तो म्हणतो, "गुरुजी, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मग विमान पश्चिमेकडे गेले, तर ते शहर स्वतःच विमानाच्या दिशेने येईल. म्हणजे पश्चिमेकडचा प्रवास लवकर व्हावयास हवा!" शंका मोठी चांगली आहे. परंतु धावत्या आगगाडीच्या डब्यात उभे राहून तुम्ही वर उडी मारली, तर कोठे पडता? जेथून उडालात तेथेच. डबा तुमच्या पायांखालून निघून जात नाही. कारण उडी मारण्यापूर्वीच गाडीचा वेग तुमच्या अंगी असतो. विमानतळावर उभे असलेले विमान पृथ्वीबरोबर पूर्वेकडे फिरतच असते, आणि त्याच्या भोवतीची हवाही फिरत असते. आकाशात चढल्यावर हा वेग त्याला सोडून जात नाही. पृथ्वी हवेला मागे टाकून पुढे गेली असती, तर आपल्या घरांवर रात्रंदिवस ताशी हजार-दीड हजार किलोमीटरांचे वादळ घोंगावत राहिले असते.

तरीसुद्धा पृथ्वीच्या फिरण्याचा विमानाच्या वेळेशी संबंध आहेच. मात्र तो आडवळणाने येतो आणि त्या विद्यार्थ्याने सांगितला त्याच्या उलट येतो. विषुववृत्ताचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे आणि पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी चोवीस तासांत पुरी करते. म्हणजे विषुववृत्तावरचे झाड, माणूस, डोंगर आणि हवा ही सर्व ताशी सुमारे १,६७० किलोमीटरांच्या वेगाने पूर्वेकडे जात असतात. उत्तरेकडे जावे तसा हा घेर लहान होतो. ३० अंश अक्षांशावर हा वेग सुमारे १,४५० असतो आणि ६० अंशांवर तो बरोबर निम्मा होतो. आता विषुववृत्ताजवळची हवा उन्हाने तापून वर चढते आणि उंचावरून उत्तरेकडे पसरू लागते. ती निघते तेव्हा पूर्वेकडचा मोठा वेग बरोबर घेऊन निघते. परंतु ती जेथे पोहोचते, तेथली जमीन सावकाश फिरत असते. वाटेत त्या वेगाचा काही भाग खर्ची पडला, तरी ही हवा खालच्या जमिनीला मागे टाकून पूर्वेकडे धावू लागते. शिवाय दक्षिणेकडची उष्ण हवा आणि उत्तरेकडची थंड हवा जेथे एकमेकींजवळ येतात, तेथे हा वेग आणखी वाढतो. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे मोठी विमाने उडतात नेमक्या त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हवेचे झोत अशा रीतीने तयार होतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. ही जणू आकाशातील महानदी! तिची रुंदी काहीशे किलोमीटर, जाडी थोडे किलोमीटर आणि लांबी हजारो किलोमीटर असते. ती नागमोडी वाहते, कधी दुभंगते, कधी उत्तरेस सरकते तर कधी दक्षिणेस. हिवाळ्यात तिला जोर चढतो. तिच्या मध्यभागी वाऱ्याचा वेग ताशी २०० किलोमीटरांहून अधिक असणे ही नेहमीची गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये एक विमान या प्रवाहाच्या साहाय्याने न्यू यॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी त्या प्रवासाला सहा तासांहून अधिक वेळ लागतो.

या वाऱ्यांचा शोध कसा लागला, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे. जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाचे हवामानशास्त्रज्ञ होते. तातेनो येथील वेधशाळेतून ते आकाशात फुगे सोडीत आणि दुर्बिणीच्या यंत्राने त्यांचा माग काढीत. १९२३ पासून त्यांनी हे वेध घेतले. उंचावर गेलेले फुगे, विशेषतः हिवाळ्यात, विलक्षण वेगाने पूर्वेकडे वाहून जातात, असे त्यांना दिसून आले. आपले काम जगातील सर्व विद्वानांना वाचता यावे, म्हणून त्यांनी १९२६ मध्ये त्याचा अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला. एस्पेरांतो ही सर्व देशांना समाईक व्हावी म्हणून मुद्दाम रचलेली भाषा. पण ती शिकलेले लोक होतेच किती? सर्वांसाठी लिहिलेला तो अहवाल फारसा कोणी वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या अखेरीस, अमेरिकेची मोठी विमाने जपानवर उंचावरून उडू लागली, तेव्हा अनपेक्षित वाऱ्यांनी त्यांची त्रेधा उडवली. अठरा वर्षांपूर्वी छापलेली माहिती त्यांना स्वतःच्या अनुभवाने नव्याने शिकावी लागली. ज्या वाऱ्याचा ओइशींनी वेध घेतला, त्याच जपानवरच्या वाऱ्याचा लाभ २०१६ मध्ये दिल्लीहून निघालेल्या विमानाला झाला.

आपल्या देशावरही हा प्रवाह येतो. हिवाळ्यात तो हिमालयाच्या दक्षिणेस, उत्तर भारतावरून वाहतो. मोसमी पाऊस सुरू होण्याच्या सुमारास तो हिमालयाच्या उत्तरेस निघून जातो. त्याच काळात दक्षिण भारतावर फार उंचावर उलट दिशेचा, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे धावणारा झोत उभा राहतो. त्याचे वर्णन कोटेश्वरम या भारतीय शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये केले. सर्वच वारे पूर्वेकडे जातात, असे म्हणूनच समजू नये.

त्या रविवारच्या उड्डाणात तारखेचीही एक गंमत झाली. विमान १६ ऑक्टोबरला पहाटे चारच्या सुमारास दिल्लीहून निघाले. पूर्वेकडे जाताना ते सूर्याला सामोरे गेले, त्यामुळे दिवस लवकर उगवला आणि लवकर संपला. दिवस मावळण्याच्या सुमारास पॅसिफिक महासागराच्या मध्यावर त्याने आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली. ही रेषा पूर्वेकडे जाताना ओलांडली, तर तारीख एका दिवसाने मागे घ्यावी लागते. तेव्हा विमानात १६ तारखेची संध्याकाळ होती, ती क्षणार्धात १५ तारखेची संध्याकाळ झाली! पुढे रात्र सरली आणि विमान उतरले, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या घड्याळात पुन्हा १६ ऑक्टोबरच्या पहाटेचे साडेसहा वाजत होते. विमानातील माणसांना एकाच तारखेच्या दोन पहाटा मिळाल्या. निव्वळ घड्याळे पाहिली, तर प्रवास अडीच तासांचा झाला असे वाटेल. पण ऑक्टोबरात त्या शहराचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या साडेबारा तास मागे असते. हे साडेबारा तास अडीच तासांत मिळविले, म्हणजे पंधरा तास होतात. त्यांतील सुमारे साडेचौदा तास विमान हवेत होते.

दोन तास वाचले, ही गोष्ट केवळ प्रवाशांच्या सोयीची नाही. या मार्गावरच्या बोइंग ७७७ जातीच्या विमानात १,८०,००० लिटरांहून अधिक इंधन मावते. पूर्ण भरलेल्या विमानाच्या एकूण वजनाचा सुमारे दोनपंचमांश भाग एकट्या इंधनाचा असतो. हे इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जाळावे लागते. म्हणून प्रवास जसा लांबतो, तसा प्रत्येक तास अधिकाधिक महाग पडत जातो. वाटेत वारा अंदाजापेक्षा जोराचा निघाला, इच्छित विमानतळ धुक्याने झाकला गेला, तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जाता येईल आणि तेथेही अर्धा तास घिरट्या घालता येतील, एवढे इंधन शिल्लक ठेवावे लागते. याबाबत वैमानिकाला सवड नाही. समोरचा वारा फारच जोराचा असेल, तर माल खाली ठेवावा लागतो, प्रसंगी प्रवाशांची संख्याही कमी करावी लागते, किंवा मध्येच उतरून इंधन घ्यावे लागते. म्हणून प्रत्येक उड्डाणाच्या काही तास आधी जमिनीवरचे अधिकारी हवामानखात्यांनी दिलेले वेगवेगळ्या उंचींवरचे वारे समोर ठेवून निरनिराळ्या वाटांची गणिते करतात, आणि जी वाट त्या दिवशी सोयीची ठरेल ती वैमानिकाच्या हाती देतात. काल जी वाट दिली, तीच आज मिळेल असे नाही.

वाऱ्याशिवाय माणसांनी घातलेले बांधही आकाशात असतात. प्रत्येक देशाच्या भूमीवरचे आकाश त्या देशाच्या ताब्यात असते आणि त्याच्या परवानगीवाचून परक्या विमानाला तेथून जाता येत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले. ते जुलैपर्यंत बंद राहिले. त्या काळात दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला आणि अमेरिकेच्या काही विमानांना युरोपात व्हिएन्ना येथे इंधनासाठी उतरावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांवर हीच वेळ पुन्हा आली. दिल्ली जागची हलली नव्हती, लंडनही हलले नव्हते; मजल मात्र लांबली होती.

ऑक्टोबर २०१६ मधील त्या विमानाने परतताना पॅसिफिकची वाट धरली नाही. पॅसिफिकवरून परतावयाचे, तर ज्या वाऱ्याने जाताना पाठीवर हात ठेवला होता, तोच आता छातीवर घ्यावा लागला असता. म्हणून ते सॅन फ्रान्सिस्कोहून पुन्हा पूर्वेकडेच निघाले आणि अमेरिका, अटलांटिक महासागर आणि युरोप ओलांडून दिल्लीस आले. जातानाही वारा पाठीशी आणि येतानाही वारा पाठीशी! पूर्वेकडे तोंड करून घरून निघालेले ते विमान एकदाही मागे न वळता पश्चिमेकडून घरी परतले, आणि तेवढ्यात त्याची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाली होती.